हालगे सरांची शेवटची ओळ

गृहपाठाच्या वह्या तपासून तपासून माझा उजवा अंगठा वाकडा झालाय. बायकोला दाखवला की ती म्हणते, "मोबाईलनं झालाय तो." असेल बाई, मोबाईलनं असेल. चौतीस वर्षं मी मानवतच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि खरं सांगायचं तर त्यातली शेवटची वीस नुसती टिक मारत काढली. वही उघडायची, खालचं उत्तर बघायचं, पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळलं की टिक, नाही जुळलं की गोल. मधल्या ओळींत पोरानं काय दिवे लावलेत ते कोण वाचतंय? साठ वह्या, उन्हाळा, डोक्यावर घरघरणारा पंखा. मी तरी वाचत नव्हतो. मधल्या ओळी वाचणारा मास्तर मी उभ्या नोकरीत एकच पाहिला. मन्मथ हालगे.

हालगे सर आमच्याकडं तासिका तत्त्वावर आले. म्हणजे जून ते मार्च तास घ्यायचे, सुट्टीत घरी बसायचं आणि पुढच्या जूनला संस्थेला आठवण झाली तर पुन्हा यायचं. मी परमनंट, ते तासिकेवर. विषय एकच, टेबलही एकच. असे अकरा जून आले आणि गेले. दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, "औंदा हालगे सरांची मान्यता येती बगा, परमनंट होतेत," आणि दरवर्षी ये रे माझ्या मागल्या.

ते रोज चुडाव्याहून पॅसेंजरनं यायचे. मी परभणीला त्याच डब्यात चढायचो, मग मानवत रोडला उतरून गावापर्यंत ऑटो. घरून निघताना त्यांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे असत. मानवत येईपर्यंत ते घामानं पुसून जात, आणि पहिला तास संपला की त्याच जागी खडूचा पट्टा आलेला असे, कारण विचार करताना खडूच्या हातानं कपाळ चोळायची सवय. पोरं खुसूखुसू हसत. सरांना ते कळायचं, पण त्यांनी तो कधी पुसला नाही. डब्यात भाकरी, ठेचा आणि कसली तरी सुकी भाजी. चतकोर भाकरी न विचारता माझ्यापुढं सरकवायचे. मी नको म्हणालो तर म्हणायचे, "खावा सर, तुमच्या पोळीला दम नसतो."

त्यांचा गृहपाठ रोज एकच उदाहरण असायचं. एकच, पण ते पूर्ण सोडवायचं. आधी चित्र, मग काय दिलंय, काय काढायचंय, सूत्र, मांडणी, उत्तर. आणि उत्तराखाली एक ओळ सोडून शेवटची ओळ: पटतं का? त्यापुढं पोरानं 'पटतं' किंवा 'पटत नाही' लिहायचं आणि का ते सांगायचं. ही ओळ नसली की सर वही परत करायचे, मग वरचं सगळं सोन्यासारखं असो.

पहिल्याच महिन्यात एका पोरानं बैलगाडीचा वेग काढला, सेकंदाला नऊशे मीटर. खाली ऐटीत 'पटतं'. सरांनी त्याला उभं केलं.

"ह्या गाडीत बसून मानवतहून परभणीला किती वेळात जाशील रे?"

पोरानं बोटांवर हिशोब केला. "पाऊण मिनिटात, सर."

"बैल कोणते हायेत बाबा तुझे?"

"सर, गाईडात तसंच हाय."

"गाईडवाल्याकडं बैल न्हाईत. तुझ्या दारात हायेत. तू कामून त्याला विचारायलास?"

वर्ग हसून लोटपोट. सर मात्र हसले नाहीत. त्या पोराच्या शेजारी बाकावर बसले, वही पुढं ओढली आणि म्हणाले, "चल, घोडं कुठं पेंड खायलंय ते बघू." दोघांनी मिळून एकेक ओळ वाचली. तिसऱ्या ओळीत किलोमीटरचे मीटर करताना शून्यं जास्त पडली होती. पुढची सगळी मांडणी बरोबर निघाली, तर सर म्हणाले, "बघ, एका जागी चुकला होतास. सगळा न्हाई चुकला." मी खिडकीतून बघत होतो. मला माझे आजवरचे गोल आठवले. त्या प्रत्येक गोलात कुणीतरी सगळं चुकलं असं समजून घरी गेलं असणार.

पुस्तकातली 'घर्षण नगण्य माना' ही ओळ त्यांना अजिबात सहन व्हायची नाही. फळ्यावर लिहायचे आणि वळून म्हणायचे, "पुस्तकात माना. आपल्याकडं घर्षण धरायचंच." मी एकदा वैतागून विचारलं, "सर, एवढं कशाला मरायलात? तुमच्या त्या शेवटच्या ओळीला पेपरात अर्धा मार्कसुद्धा न्हाई."

"मार्कासाठी न्हाईच ते," ते म्हणाले. "ह्यातलं एखादं उद्या कंपाउंडर होईल. औषध मोजताना शून्य जास्ती पडलं तर ह्याला आतून कुणी विचारलं पाहिजे का न्हाई? आपण काय तिथं उभं राहणार हाव का?"

मी म्हणालो, "धन्य आहे तुमची," आणि पुढची वही ओढली. टिक.

त्यांची स्वतःची चूक झाली ती विहिरीच्या उदाहरणात. विहिरीत दगड सोडला, दोन सेकंदांनी पाण्यावर आपटला, तर पाणी किती खोल? अगदी सुरुवातीचं, हातखंडा उदाहरण. त्या दिवशी गाडी उशिरा आलेली, सर धापा टाकत वर्गात शिरलेले. सूत्रातला अर्धा खाल्ला की लिहायचा राहिला कोण जाणे, फळ्यावर उत्तर आलं चाळीस मीटर. सगळ्या वर्गानं चाळीस उतरवून घेतले, खाली 'पटतं' ठोकलं आणि मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी टेबलावर वह्या तपासता तपासता सर एकदम थांबले आणि एक वही माझ्यापुढं धरली. शबाना नावाच्या मुलीची होती, मागच्या बाकावर बसायची, अकरावीभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिनं चाळीस लिहून खाली लिहिलं होतं: 'पटत नाही. आमच्या विहिरीला दोर साठ फूट लागतो. मी काल दगड टाकून पाहिला. एक, दोन म्हणेपर्यंत आवाज आला. चाळीस मीटर म्हणजे एकशेतीस फूट होतात. एवढा दोर आमच्याकडे नाही.'

हालगे सरांचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं मान्यताच आली. वही घेऊन तडक वर्गावर गेले. शबानाला आपल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आता तू सांग. मी चुकलोय कुठं?" पोरगी ओढणी बोटाला गुंडाळत बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी ती उठली आणि फळ्यावर सूत्राच्या पुढं बारीकसा अर्धा लिहिला. चाळीसचे वीस झाले. सरांनी तो अर्धा आठवडाभर पुसू दिला नाही. माझ्या तासालाही तो तिथंच असायचा, आणि मला त्याच्या आजूबाजूनं लिहावं लागायचं.

गाडीतही त्यांचं तेच. किलोमीटरचे दगड मोजत खिडकीला बसायचे. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत पंच्याहत्तर सेकंद, म्हणजे ताशी अठ्ठेचाळीस. एकदा पूर्ण्याहून चढलेल्या माळवं विकणाऱ्या बाईनं विचारलं, "मास्तर, परभणी कवा येईल ओ?" (हे त्यांनी मी परभणीला चढल्याबरोबर सांगितलं, अजून तोंडावर ओशाळेपणा होता.) सरांनी घड्याळ पाहिलं, दगड मोजले आणि सांगितलं, तेवीस मिनिटं. आणि गाडी परभणीच्या बाहेर सिग्नलला पाऊण तास उभी राहिली. बाईची मेथी सुकली. ती उतरताना म्हणाली, "मास्तर, तुमचं गणित काई कामाचं न्हाई."

"काय चुकलं तिचं?" सर मला म्हणाले. "चालण्याचं गणित केलं मी. थांबणं धरलंच न्हाई. आपल्याकडं थांबणंबी धरायला पाहिजे." आणि वहीत खरोखर लिहिलं, पटत नाही. असा माणूस. त्या वेळी त्यांचं थांबण्याचं नववं वर्ष चालू होतं.

आता खरी गोष्ट सांगतो, म्हणजे जी सांगायला मी इतका वेळ लावतोय ती.

आमच्या हजेरीपटावर बारावीची बासष्ट नावं होती आणि वर्गात अकरा पोरं. बाकीची एक्कावन्न लातूरला क्लासला. नाव आमच्याकडं, शिकणं तिकडं, परीक्षेला इकडं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पालकांना, संस्थेला, शिपायाला. हालगे सर त्या अकराजणांना बासष्ट असल्यासारखं शिकवायचे. हजेरी घेताना मात्र बासष्ट नावं पुकारायचे आणि एक्कावन्न वेळा गैरहजर लिहायचे. प्राचार्यांनी दोनदा समजावलं, मीही एकदा समजावलं. "नाव हाय तर पुकारायला पाहिजे," एवढंच.

त्या वर्षी तपासणी समिती येणार असं कळलं. वर्ग भरतात का, गृहपाठ होतो का, वह्या बघणार. मग काय, धावपळ. आठ दिवसांत एक्कावन्न गृहपाठवह्या गठ्ठा बांधून आल्या. कोऱ्या करकरीत, सगळ्या मिळून दोन हस्ताक्षरांत. वर्गशिक्षक म्हणून हालगे सरांनी फक्त सह्या करायच्या होत्या. आणि त्याच समितीच्या साहेबांपुढं त्यांच्या मान्यतेची फाईलही जाणार होती. प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, या वेळी खरंच होणार. सरांनीही घरी सांगितलं होतं. परभणीत दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, थोरल्या मुलीची शाळा तिथं जवळ पडत होती. वय चव्वेचाळीस. ह्या वर्षी नाही झालं तर पुढं कुठंच होणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

सर सही करत बसले नाहीत. तपासत बसले! तीन दिवस, पहिल्या वहीपासून एक्कावन्नाव्या वहीपर्यंत, मधल्या ओळींसकट. मी म्हणालो, "अहो, वेड लागलंय का? दोन माणसांनी लिहिलंय हे, एक तपासा, बाकीच्या त्याच हायेत."

"नाव एक्कावन्न हायेत, सर."

झोपाळ्यावरच्या मुलाचं एक उदाहरण होतं. गाईडात छपाईची चूक, चाळीस किलोचा मुलगा चारशे किलोचा झालेला. एक्कावन्न वह्यांत मुलगा चारशे किलोचा. आणि कुणीतरी त्या लिहिणाऱ्यांना सांगून ठेवलं असणार की हालगे सरांना खाली एक ओळ लागते, कारण एक्कावन्न वह्यांत, उत्तराखाली एक ओळ सोडून, 'पटतं' लिहिलेलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना इतकं थकलेलं मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं, गाडी चुकून ते भर उन्हात स्टेशनपासून चालत आले होते त्या दिवशीही नाही. "उत्तर चोरलं त्याचं काही न्हाई," ते म्हणाले. "उत्तर समदेच चोरतेत. पण 'पटतं' बी चोरलं ओ, सर."

मग प्रत्येक वहीत लाल पेनानं लिहिलं: 'पटत नाही. मुलानं समोर बसून एक उदाहरण सोडवावं, सही करीन.' आणि गठ्ठा बांधून प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

प्राचार्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. "अकरा वर्षं थांबलात! आता हातातोंडाशी आलेला घास एक्कावन्न सह्यांसाठी घालवता का? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं." हालगे सरांचं काही ऐकू येत नव्हतं. ते बाहेर आले, माठातलं पाणी प्याले आणि पुढच्या तासाला गेले.

अर्ध्या तासानं मला बोलावणं आलं. लाल शेऱ्यांची पानं फाडून झाली होती. "जाधव सर, तुम्ही फिजिक्सचे, तुम्ही परमनंट. वर्गशिक्षक म्हणून तुमचं नाव लावतो. तुमची सही चालते." प्राचार्य एवढंच म्हणाले, धमकी नाही की काही नाही. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी विचारसुद्धा केला नाही, हेच मला आज जास्त लागतं. त्या माणसाला निदान नाही म्हणायला तीन दिवस लागले. मला हो म्हणायला तीन मिनिटं लागली नाहीत.

सह्या करायला दुसरीकडं जायचं ना? पण नाही, सवयीनं आमच्याच टेबलावर येऊन बसलो. समोर हालगे सर त्यांच्या अकरा वह्या घेऊन बसलेले. त्यांनी मान वर केली, गठ्ठा पाहिला, मला पाहिलं आणि माझ्या कोपराला जागा व्हावी म्हणून आपला डबा उचलून खाली ठेवला. मी एक्कावन्न सह्या केल्या तेवढ्या वेळात त्यांच्या साडेतीन वह्या तपासून झाल्या. दुपारी चतकोर भाकरी माझ्यापुढं आलीच. मी ती खाल्लीही, काय सांगू.

समिती आली, वह्या चाळल्या, चहा घेतला, गेली. हालगे सरांची फाईल पुढं गेलीच नाही. पुढच्या जूनमध्ये तासिका कमी झाल्या असं एक पत्र निघालं आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं. गाडीत त्यांची खिडकी रिकामी राहू लागली. मी तिथं कधी बसलो नाही, पलीकडं बसायचो. निवृत्तीला हार घातला माझ्या गळ्यात, भाषणं झाली. कुणीतरी म्हणालं, जाधव सरांच्या वह्या तपासण्याची शिस्त. लाज वाटली मला, सरळ सांगतो.

त्यानंतर दोन वर्षांनी, मागच्या उन्हाळ्यात, जालन्याकडं लेकीकडं निघालो होतो. बस देवगाव फाट्याला थांबली. कंडक्टर म्हणाला दहा मिनिटं, म्हणून चहाला उतरलो. बाजूला मोटारपंप आणि पाईपचं दुकान होतं आणि आतून आवाज आला, "दोर किती फुटाचा लागतो तुमाला?"

मी आत डोकावलो. काउंटरमागं हालगे सर, समोर एक शेतकरी. शेतकऱ्याला पाच हॉर्सपॉवरची मोटार पाहिजे होती, कारण शेजारच्यानं पाचची घेतली होती. सर खोक्याच्या पुठ्ठ्यावर विहिरीचं चित्र काढत होते. किती पाणी, किती उंच चढवायचं, पाईप किती लांब. "घर्षण धरलं तरी तीनची पुरती बगा तुमाला," म्हणाले आणि पुठ्ठा त्याच्याकडं फिरवला. "आता तुमी सांगा, पटतं का?" तो माणूस बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पटायलंय, मास्तर." कपाळावर भस्म शाबूत होतं. इथं खडू नव्हता.

मला पाहून ते बाहेरच आले. "सर! तुमी? बसा की, चहा सांगतो." थोरली नर्सिंगला आहे म्हणाले. शबाना मानवतच्याच एका शाळेत शिकवते, तिचा फोन येतो म्हणाले. मालक चांगला आहे, फक्त हे मोठ्या मोटारी विकत नाहीत म्हणून कधी कधी कुरकुरतो. माझी तब्येत विचारली. कंडक्टरनं घंटा मारली तशी माझी घाई झाली, आणि जे चार वर्षं बोललो नव्हतो ते चहाचा पेला हातात धरून बोललो.

"सर, त्या वह्या..."

"कोणत्या?"

"एक्कावन्न."

त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला. "जाऊं द्या ओ. तुमच्या जागी मी असतो तर मीबी केली असती सही. दोन वर्षं तर राहिलती तुमची."

मी बसमध्ये चढलो. अकरा वर्षं त्या माणसाच्या समोर बसलो मी. त्यांच्या हातून चुकून गेलेलं चूक उत्तर एकदाच पाहिलं होतं, विहिरीचं. जाणूनबुजून दिलेलं हे पहिलं, आणि तेही मला जाताना बरं वाटावं म्हणून. बस हलली. ते पायरीवर उभे होते, हातात दोन रिकामे पेले.

"पटत नाही, सर!" मी खिडकीतून ओरडलो.

गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी पेल्यांसकट हात वर केला आणि आत वळले. गिऱ्हाईक थांबलं होतं.